बळीरामशेठची बग्गी आणि तिसऱ्या दाबाचा ब्रेक

रोडपाली, ५ जानेवारी २०२५

प्रिय विनायक,

फोन करून उपयोग नाही, म्हणून लिहायला बसलो. तीस वर्षं एसटीच्या डेपोत कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून तू कान घालवलेस. आता मी फोनवर ओरडतो, तू "काय?" म्हणतोस, आणि आतून हौसाला वाटतं आमचं भांडण झालं. शाळेत तुझ्या वहीतली उत्तरं उतरवून घ्यायचो, आज चार ओळी स्वतःच्या लिहितोय तर पेन अडतंय.

आनंदाची बातमी आधी. आपल्या प्रांजलचं लग्न ठरलं. तारीख २३ फेब्रुवारी. मांडव कर्नाळ्याच्या बाजूला माळावरची आपली जागा उरलीय तिथे. तू बायकोला घेऊन यायचास, ती बिचारी नाही आता, पण मुलाला-सुनेला घेऊन नक्की ये.

आता मुद्द्याचं. हल्ली आमच्याकडे नवरी पायी मांडवात आली तर लोक आजारी आहे का विचारतात. गेल्या वर्षी इथे एकाची मुलगी क्रेनला लटकलेल्या फुलांच्या पाळण्यातून उतरली. उलव्यात एकाची जेसीबीच्या बकेटमधून आली, वर अक्षता आणि खाली थोडी माती. मी ठरवलं, माझी मुलगी मी स्वतः बनवलेल्या गाडीतून येणार. दोन वर्षं अंगणात खपून बग्गी बनवलीय. जुन्या व्हॅनचं इंजिन, कळंबोलीच्या लोखंड बाजारातले पाइप, भंगारातला ॲक्सल, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. वेल्डिंग सगळं माझं. चिखल, ओढा, दगडधोंडे, कशालाही अडत नाही. फक्त थांबण्याच्या बाबतीत जरा विचार करते.

वर आपल्या देवीचं देऊळ, खाली मांडव, मध्ये तीनशे पावलांचा उतार. प्रांजल देवीच्या पाया पडून गाडीत बसेल, मी चालवीन. सगळा रस्ता आपल्याच जागेतला, त्यामुळे आरटीओचा प्रश्न येत नाही.

मला वाटतं ब्रेकचा मास्टर सिलिंडर गेलाय. निकेश म्हणतो ऑइल पातळ आहे. निकेश म्हणजे शेजारचा, त्याच्याकडे दोन जीप आहेत म्हणून त्याला सगळं कळतं. शिवाय पुढच्या डाव्या चाकाचे नट दोन फेऱ्यांत सैल होतात. तू काय म्हणतोस?

तुझा,
बळीराम

०

देवरुख, १० जानेवारी

प्रिय बळीराम,

प्रांजलच्या लग्नाचं वाचून डोळे भरून आले. मी येणारच.

पण तुझं पत्र दोनदा वाचलं आणि त्यात तक्रार सापडली नाही. आमच्या डेपोत ड्रायव्हरनं तक्रारवहीत लिहिल्याशिवाय आम्ही गाडीला हात लावत नसू. आणि त्यानं लिहायचं ते फक्त घडलं तेवढं. "घाटात पेडल तळाला गेलं" असं लिहिणाऱ्याला मी माझ्या पैशानं चहा पाजायचो. "मास्टर सिलिंडर गेला आहे" असं लिहिणाऱ्याची वही परत. कारण एकदा निदान लिहिलं की सगळे तेवढंच उघडून बसतात आणि खरा दोष शेजारी आरामात बसून राहतो. तेव्हा बाबा, तक्रार लिही, निदान लिहू नकोस.

नटांचं मात्र मी इथूनच सांगतो. चाकाच्या भोकाचा काठ आत उतरता असेल आणि तू सपाट तोंडाचे नट लावले असशील, तर ते आयुष्यभर सैल होतील. निमुळत्या तोंडाचे नट आण. समोरासमोरचे आळीपाळीनं आवळ, आणि दोन फेऱ्यांनंतर पुन्हा पाना लाव. जुने नट चमकदार होते ना? तुला मी चौथीपासून ओळखतो.

ब्रेकबद्दल विचारतो त्याची नीट उत्तरं दे. पहिल्या दाबाला पेडल कुठपर्यंत जातं? पुन्हा दाबलं तर वर येतं का? येत असेल, तर आत हवा आहे. तू ऑइल दाबत नाहीस, हवा दाबतोस. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं डिस्कला चिमटा काढणाऱ्या कॅलिपरचा निप्पल उघडून हवा सोडायची, आणि पेडल वर यायच्या आत तो बंद करायचा. हवा नेहमी वर चढते, म्हणून निप्पल कॅलिपरच्या वरच्या टोकाला असतो. तुझ्या गाडीत सगळं कसं बसवलंय, त्याचं चित्र काढून पाठव. जसं आहे तसं.

सौ. हौसावहिनींना नमस्कार.

विनायक

०

रोडपाली, २० जानेवारी

प्रिय विनायक,

नटांचा प्रश्न सुटला. निमुळत्या नटांचं माझ्या मनात आधीपासून होतंच, तू लिहिलंस म्हणून खात्री झाली. जुने चकचकीत होते, हे तुला कुणी सांगितलं?

आता तक्रार, तुझ्या पद्धतीनं. पहिला दाब: पेडल तळाला. दुसरा: अर्ध्यावर. तिसरा: दगड. तिसऱ्या दाबाला गाडी अशी थांबते की बघणाऱ्यानं टाळी वाजवावी. (मास्टर सिलिंडर तरीही बदलला. दोनदा.)

हवाही काढली. हौसाला पेडलवर बसवलं आणि मी खाली झोपलो. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "सकालपासून पाय मारून माजा गुडगा गेला. तुमी खाली झोपून नुसतं 'दाब' न् 'सोड' करताव. भाकऱ्या कोन करनार हाय?" निप्पलमधून ऑइल अगदी स्वच्छ आलं, एक बुडबुडा नाही. म्हणजे हवा नाही, हे सिद्ध झालं. निकेशनं एक लिंबूही बांधून दिलंय.

मी आता तिसऱ्या दाबाची सवय करून घेतलीय. लग्नाच्या दिवशी पहिले दोन दाब देवळाच्या दारातच मारून ठेवीन. परवा उतारावर चाचणी घेतली. किरकोळ.

चित्र सोबत आहे. माझा भाचा हृतिक लग्नांचे इव्हेंट करतो, त्यानं कॉम्प्युटरवर रंगीत काढून दिलं. म्हणाला, "मामा, तुमच्या हातचं चित्र पाठवू नका, प्रेझेंटेशन पायजे." सजावटीचं कामही संपत आलंय. तू बघशील तेव्हा बघतच राहशील.

तुझा,
बळीराम

०

रोडपाली, २७ जानेवारी

आदरणीय विनायककाका,

मी प्रांजल. हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे.

बाबांनी तुम्हाला "किरकोळ" असं काहीतरी लिहिलं असणार. काय झालं ते मी सांगते, कारण तेव्हा मी मागच्या सीटवर होते. देवळापासून निघालो. बाबांनी देवळातच दोन दाब मारून घेतले होते. पण पहिल्या वळणापर्यंत गाडीला ते आठवत नव्हते. पुढे पुन्हा तीनदा दाबेपर्यंत आम्ही मांडववाल्यानं ठेवलेली पाण्याची टाकी ओलांडली, जास्वंदीची रांग ओलांडली, आणि बांधाला टेकून थांबलो. बाबांचा घोटा मुरगळला. मला काही झालं नाही. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "ब्रेक नवीन हाय, जरा लाजतो." आई तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

तुम्ही म्हणाल, मग बसू नकोस. काका, तेच मला जमत नाही. आजोबांची मिठागरं गेली, मग शेत गेलं. मोठं घर आलं, आणि बाबांना सकाळी उठून करायला काहीच उरलं नाही. सोफ्यावर बसून ते बातम्यांना उत्तरं द्यायचे. बग्गी सुरू झाली तेव्हापासून त्यांचे हात पुन्हा काळे झाले आणि ते जेवायला लागले. "मी नाही बसणार" असं त्यांना मी म्हणू शकत नाही. पण उतारावर मला भीती वाटते, हे खरं आहे. मला घाबरत मांडवात यायचं नाही.

तुम्ही ब्रेक नीट करून द्या. दुसरं कुणी नाही. बाकीचे सगळे सल्ला देतात आणि जेवून जातात.

तुमची,
प्रांजल

०

देवरुख, १ फेब्रुवारी

बळीराम,

हे पत्र तुला आवडणार नाही.

मला कसं कळलं ते विचारू नकोस, पण तुझ्या जास्वंदीची आणि घोट्याची चौकशी करतो. ड्रायव्हरनं तक्रार लपवली तर आम्ही त्याला त्या दिवशी ड्यूटी देत नसू. तूही आज ड्यूटीवर नाहीस. पहिल्या दाबाला ब्रेक लागेपर्यंत प्रांजल त्या गाडीत बसणार नाही. तिसऱ्या दाबाला लागणारा ब्रेक म्हणजे ब्रेक नव्हे, तो नशिबाचा भाग झाला.

तुझं चित्र मी चष्मा बदलून, खिडकीत धरून, रेवाला, म्हणजे सूनबाईंना, दाखवून पाहिलं. चूक सापडत नाही. निप्पल वर आहेत, पाइप बरोबर आहेत. या चित्रातली गाडी पहिल्या दाबाला थांबली पाहिजे. तुझी थांबत नाही. म्हणजे दोन्ही गाड्या एक नाहीत. हृतिकनं चित्र गाडीखाली जाऊन काढलं की खुर्चीत बसून?

ब्रेक सापडला नाही तर गाडीला मागून दोर बांध आणि दहा माणसांनी धरून उतरवा. तेही झोकातच दिसेल.

विनायक

०

रोडपाली, १२ फेब्रुवारी

विनायक,

दोर बांधून बैल उतरवतात. मी मुलीला उतरवणार आहे.

तुला मी अजून गणितात नापास झालेला बळ्याच वाटतो. साऱ्या रोडपालीत मला शेठ म्हणतात, पण ते कशामुळे, हे मला ठाऊक आहे. जमीन बापाची होती, विकली मी. माझ्या हातानं उभं राहिलेलं असं हे एकच आहे आणि त्यात माझी मुलगी बसावी, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यात काय चुकलं?

लग्नाची पत्रिका सोबत जोडली आहे. यायचं असेल तर ये.

बळीराम

०

देवरुख, २० फेब्रुवारी, सकाळी साडेसहा

बळीराम, हे पत्र उभ्याउभ्या वाच आणि लगेच पाना उचल.

तुझी पत्रिका काल मिळाली. निमंत्रक, आयोजक, मार्गदर्शक, आधारस्तंभ, शुभेच्छुक मिळून शंभराच्या वर नावं आहेत. नवऱ्याचं नाव शोधायला रेवाला भिंग घ्यावं लागलं. मग तेच भिंग घेऊन मी मागच्या पानावरचा बग्गीचा फोटो पाहिला. तू फुलांमध्ये उभा आहेस आणि पुढचं चाक मोठं दिसतंय. चाकाच्या आऱ्यांमधून सोनेरी कॅलिपर दिसतोय, त्यावर लाल अक्षरांत "बळीरामशेठ". नाव अगदी सुलट, सुबक. आणि त्या नावाच्या खाली, कॅलिपरच्या बुडाला, निप्पल.

खाली! हवा बसलीय वर आणि तू दार उघडतोयस तळघराचं. हौसावहिनींनी वर्षभर पाय मारला असता तरी स्वच्छ ऑइलच आलं असतं. हवा वर बसून तुमची मजा बघत होती.

आता काय घडलं असेल ते सांगतो. रंगाऱ्यानं कॅलिपर टेबलावर उलटे ठेवून नावं लिहिली. गाडीला लावल्यावर नाव डोक्यावर उभं राहिलं. मग कुणीतरी सुचवलं, की डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे लावा, नाव सरळ होईल. झालं. नावाबरोबर निप्पलही फिरले. बरोबर?

परत अदलाबदल कर. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, निप्पल वर. नवीन ऑइल, हवा पुन्हा काढ. तासाभराचं काम आहे. तुझं नाव उलटं होईल. होऊ दे. मुलगी सुलट उतरली पाहिजे.

रेवानं काल फोनही लावला. हृतिकनं उचलला. मागे बँजोची तालीम चालली होती. त्याला एवढंच समजलं की देवरुखहून आहेर येतोय. म्हणून हे पत्र आपल्या जुन्या रीतीनं मुंबई गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. तो पनवेल स्टँडवर चौकशीच्या खिडकीत ठेवेल. खिडकीतल्या माणसाला मी दुसरी चिठ्ठी लिहिलीय की रोडपालीच्या बळीरामशेठला निरोप द्या. शेठ असण्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

मला येता येणार नाही. मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. पट्टी काढून लिहितोय, रेवाला कळलं तर मला ब्रेक लागेल.

विनायक

०

रोडपाली, २७ फेब्रुवारी

प्रिय विनायक,

पट्टी काढून भिंग लावून पत्रिका वाचणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. डोळा कसा आहे?

तुझं पत्र गुरुवारी संध्याकाळीच हातात आलं. खिडकीतल्या माणसानं चार जणांना फोन केले, चौघांनी मला आठ वेळा सांगितलं. तू लिहिलंस तसंच घडलं होतं. फक्त एक दुरुस्ती. अदलाबदल "कुणीतरी" सुचवली नव्हती. मीच म्हणालो होतो. रंगारी म्हणाला, खरवडून पुन्हा लिहितो. मला घाई होती, फोटोवाला आला होता.

पत्र वाचून मी पाना घेऊन गाडीजवळ बसलो. खोटं कशाला सांगू, पहिला विचार असा आला की ड्रोनवाला वरून शूटिंग करणार, सगळ्या पाहुण्यांसमोर बळीरामशेठ डोक्यावर उभा. दुसरा विचार आला बांधाचा. त्या दिवशी गाडी बांधाला टेकली तेव्हा प्रांजलनं मागून माझा शर्ट घट्ट धरला होता आणि उतरल्यावर म्हणाली, "काय नाय झालं, बाबा." ते आठवलं आणि मला माझीच लाज वाटली. हौसाला हाक मारली. "परत पाय मारू?" म्हणाली. म्हटलं, "शेवटचं." पहिल्याच वेळी निप्पलमधून हवा अशी फुसफुसत बाहेर आली की हौसा घाबरून पेडलवरून उठली. नंतर एकदा दाबलं आणि पेडल दगड. मी तिथेच, खाली झोपलेला, रडलो. ऑइल डोळ्यात गेलं असं हौसाला सांगितलं.

रविवारी प्रांजल देवळातून आली, गाडीत बसली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चला." निम्म्या उतारावर वरपक्षाची मंडळी नाचत होती. नवऱ्याचे मामा बँजोवर नागीण झाले आणि थेट चाकासमोर रस्त्यावर लोळले. मी एकदाच दाबलं. एकदाच, विनायक. गाडी हातभर अंतरावर थांबली. प्रांजलच्या मांडीवरचा नारळसुद्धा हलला नाही. मामांना काही कळलंच नाही, ते पुढची दोन कडवी तिथेच लोळले.

व्हिडिओ गावभर फिरला. नाव वाचायला लोक मोबाइल उलटा धरतात, मग नवरी उलटी दिसते. रंगारी आला होता, म्हणाला खरवडून नीट लिहितो. नको म्हटलं. गंमत पुढे आहे. निकेशनं परवा आपल्या दोन्ही जीपवर नाव उलटं रंगवून घेतलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणतो, "शेठ, सेफ्टी हाय ती. तुमच्याच गाडीचं बगितलं." आता आणखी दोघं रांगेत आहेत.

आता एक तक्रार लिहितो. तुझ्या नियमानं, निदान न लिहिता.

सोमवारी मुलगी सासरी गेली. तेव्हापासून रोज सकाळी मी अंगणात जातो. करायला काही नाही. गाडी पहिल्या दाबाला थांबते. घरात हाक मारायला तोंड उघडतो आणि नाव अर्ध्यावर राहतं. छातीला हात लावला तर काही दुखत नाही, पण दाबलं की तळापर्यंत जातं. हौसा भाकऱ्या करताना बोलत नाही, मीही बोलत नाही. एवढंच घडतं.

तुझा,
बळ्या

०

देवरुख, ४ मार्च

प्रिय बळ्या,

तक्रार मिळाली. तुझ्या हातची पहिली चोख तक्रार, चहा माझ्याकडून.

निदान कागदावर लिहीत नाही. आत हवा आहे आणि ती काढायला दोन माणसं लागतात, हे तुला आता ठाऊक आहे. माझी पट्टी निघाली. शनिवारच्या मुंबई गाडीनं पनवेल स्टँडवर उतरतो. वहिनींना सांग, चार भाकऱ्या जास्त टाका.

बग्गी घेऊन स्टँडवर येऊ नकोस. रिक्षानं ये.

विनायक